रक्तांतील पहारेकरी : एका जिवंत औषधाचा इतिहास

इतिहास हा विषय मीं शाळेंत तीसाहून अधिक वर्षें शिकविला. राजे, तह, लढाया आणि सनावळ्या यांतच त्याचा बहुतेक वेळ जातो, आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं विद्यार्थी त्या सनावळ्या विसरूनहि जातात. परंतु ज्या क्रमिक पुस्तकांत कधीं छापल्या जात नाहींत, आणि तरीहि ज्यांच्या योगानें कित्येक घरांतील माणसांचें मरण मागें ढकललें गेलें, अशाहि कांहीं सनावळ्या आहेत. आज त्यांपैकीं एकीची हकीकत आपणांपुढें ठेवीत आहें. मी वैद्य नव्हे, शास्त्रज्ञहि नव्हे. म्हणून जें सांगेन तें मास्तराच्या भाषेंत सांगेन.

ता. ४ एप्रिल २०२४ रोजीं मुंबईंत, पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत, राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांच्या हस्तें एका नव्या उपचाराचें लोकार्पण झालें. त्याचें नांव 'नेक्सकार-१९'. रक्ताच्या व रसग्रंथींच्या कांहीं कर्करोगांवर योजावयाचा हा उपचार आपल्याच देशांत घडविलेला आहे. इतर औषधें कारखान्यांत तयार होतात, बाटलींत भरलीं जातात, आणि रामाचें औषध गोविंदास चालतें. हें औषध मात्र ज्याचें त्याच्या रक्तांतून घडवावें लागतें. तें जिवंत असतें. शरीरांत गेल्यावर तें झिजत नाहीं, उलट वाढतें. रोग्याच्या रक्तांतील पहारेकऱ्यांस बाहेर बोलवावयाचें, शत्रु ओळखण्याची नवी विद्या त्यांस शिकवावयाची आणि पुनः पहाऱ्यावर पाठवावयाचें, असा हा प्रकार आहे. ऐकतांना तो चमत्कार वाटतो. पण त्याच्या पाठीशीं १३३ वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत यशापेक्षां अपयशाचींच पानें अधिक आहेत.

त्याचें पहिलें पान न्यूयॉर्क शहरांतील आहे. विल्यम कोली नांवाच्या एका तरुण शस्त्रवैद्याकडे १८९० सालीं सतरा वर्षांची एक मुलगी आली. हात दुखतो, एवढीच तिची तक्रार. पुढें तो हाडाचा कर्करोग ठरला. कोलीनें तिचा हात कोपराखालीं तोडला, तरी रोग अंगभर पसरला आणि १८९१ च्या जानेवारींत ती मुलगी गेली. कोलीच्या मनास ही गोष्ट फार लागली. तो इस्पितळाचीं जुनीं दप्तरें चाळीत बसला. त्यांत त्याला एक नोंद आढळली. मानेवरील गांठ अनेकदां कापूनहि पुनः पुनः वाढणाऱ्या एका रोग्यास इस्पितळांतच धांवरें झालें. म्हणजे कातडी लाल करीत पसरत जाणारा, सडकून ताप आणणारा जंतुजन्य विकार झाला. तो ताप ओसरला तेव्हां गांठहि नाहींशी झाली होती. कोलीनें न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्या पालथ्या घालून तो मनुष्य शोधून काढला. सहा-सात वर्षें लोटलीं तरी तो ठणठणीत होता.

तापानें शरीरांतील कोणती तरी निजलेली शक्ति जागी झाली असली पाहिजे, असा तर्क कोलीनें केला. १८९१ सालींच त्यानें एका असाध्य रोग्यास धांवऱ्याचे जिवंत जंतु टोंचले. रोग्यास भयंकर ताप भरला, पण गांठ विरघळूं लागली, आणि कांहीं आठवड्यांचा सोबती ठरलेला तो मनुष्य पुढें कित्येक वर्षें जगला. मात्र दुसऱ्या कांहीं रोग्यांस हा ताप प्राणघातक ठरला. तेव्हां कोली मेलेले जंतु वापरूं लागला. कोणास गुण आला, कोणास आला नाहीं. आणि का आला, का आला नाहीं, हें त्याला स्वतःलाहि सांगतां येईना. तशांत १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लागला, मागोमाग रेडियम आलें, आणि वैद्यांचें लक्ष तिकडे वळलें. १९३६ सालीं कोली वारला तेव्हां त्याच्या मताकडे बहुतेक वैद्य संशयानें पाहत होते.

कोलीचें निरीक्षण खोटें नव्हतें. तें समजून घेण्यापुरतें ज्ञान मात्र त्या काळीं नव्हतें. हें ज्ञान यावयास पुढें सत्तर वर्षें जावीं लागलीं. आपल्या छातीच्या हाडामागें 'थायमस' नांवाची एक लहानशी ग्रंथि असते. मोठ्या माणसांत ती सुकून जाते, म्हणून ती निरुपयोगी असावी, असेंच शास्त्रज्ञ समजत. १९६१ सालीं लंडनमध्यें जॅक मिलर या तरुण संशोधकानें नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथि काढून टाकली. त्या उंदरांवर दुसऱ्या उंदरांची कातडी चिकटविली, तर ती परकी कातडी खुशाल रुजली. निरोगी उंदराचें शरीर ती झिडकारून टाकतें. यावरून उमगलें कीं, आपलें कोण व परकें कोण हें ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी या ग्रंथींतच तालीम घेऊन बाहेर पडतात. थायमसच्या आद्याक्षरावरून त्यांस 'टी-पेशी' हें नांव पडलें. त्यांसच मी पहारेकरी म्हणतों.

हा पहारेकरी गांवच्या जागल्यासारखा असतो. तो रक्तांतून हिंडतो, दारोदार थांबून प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावरील खुणा चांचपून पाहतो, आणि एखाद्या पेशींत विषाणु शिरल्याची खूण दिसली तर ती पेशी जागच्याजागीं मारून टाकतो. मग कर्करोगापुढें त्याची मात्रा कां चालत नाहीं? कारण कर्करोग हा परकीय शत्रु नव्हे. तो घरांतलाच फितूर आहे. कर्कपेशी आपल्याच पेशींपासून निपजलेली असते, तिच्या अंगावरील खुणा पुष्कळशा आपल्याच असतात, आणि ज्या थोड्या निराळ्या असतात त्या लपविण्याची कलाहि तिला साधते. जागल्या तिच्या दारावरून जातो. आंत घरचाच मनुष्य आहे असें समजून पुढें निघतो.

तरीहि क्वचित् तो ओळखतो, याचा पुरावा पुनः एका दप्तरांतच मिळाला. १९६८ सालीं बॉस्टनजवळ स्टीव्हन रोझेनबर्ग हा शिकाऊ शस्त्रवैद्य एका वृद्धाच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया करीत होता. जुन्या कागदांवरून असें दिसलें कीं, बारा वर्षांपूर्वीं या मनुष्याच्या जठरांतील कर्करोग यकृतापर्यंत पसरला होता व उपाय नाहीं म्हणून त्यास घरीं पाठविलें होतें. आतां पोट उघडून पाहतात तों कर्करोगाचा मागमूस नाहीं! रोझेनबर्गनें मग याच एका कोड्यास आयुष्य वाहिलें. पण पहारेकऱ्यांचा अभ्यास करावयाचा तर ते शरीराबाहेर जगले पाहिजेत. आणि कांचेच्या बशींत ते थोड्याच काळांत मरून जात. १९७६ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेंत टी-पेशींस वाढविणारा पदार्थ सांपडला. पुढें त्यास 'इंटरल्यूकिन-२' हें नांव मिळालें. आतां पहारेकऱ्यांची पलटण बाहेर वाढवितां येऊं लागली. गांठींत शिरलेल्या टी-पेशी काढून, त्यांची संख्या वाढवून त्या रोग्यास परत द्यावयाच्या, हा प्रयोग रोझेनबर्ग यांनीं १९८८ सालीं त्वचेच्या एका दुर्धर कर्करोगावर यशस्वी करून दाखविला. पण शत्रूस ओळखणारे असे शिपाई प्रत्येकाच्या अंगीं आयते थोडेच सांपडतात! जे ओळखत नाहींत त्यांस ओळखावयास शिकवितां येईल काय, हा खरा प्रश्न होता.

या प्रश्नाचें उत्तर ज्या युक्तीनें मिळालें ती आपल्या कोंकणी बागवानास सहज समजेल. रायवळ आंब्याचा खुंट काटक असतो, पण त्याचें फळ बेताचें; हापूसचें फळ उत्तम. म्हणून खुंट रायवळचा घेऊन त्यावर हापूसची फांदी बांधतात. शरीरांतहि असे दोन गुण दोन ठिकाणीं आहेत. रक्तांत प्रतिपिंड नांवाचे सूक्ष्म पदार्थ असतात. त्यांची नजर अतिशय तीक्ष्ण असते, विवक्षित खुणेस ते अचूक जाऊन चिकटतात, परंतु त्यांच्यांत टी-पेशीची मारकशक्ति नसते. टी-पेशींत ती शक्ति आहे, पण तिची नजर फसते. तेव्हां प्रतिपिंडाचा डोळा टी-पेशीच्या खुंटावर बसवावा! इस्राएलमधील वाइझमन संस्थेंत झेलिग एशहर आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८९ सालीं हें कलम बांधून दाखविलें. त्यापूर्वीं १९८७ सालीं जपानमधील संशोधकांनींहि अशाच जोडणीचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. ग्रीक पुराणांत काइमेरा नांवाचा एक प्राणी आहे. त्याचें अंग सिंह, बोकड आणि सर्प यांचें मिळून झालेलें. त्यावरून या जोड-ग्राहकास 'काइमेरिक' हें विशेषण लागलें, आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून पुढें 'कार' हें नांव रूढ झालें. आपल्याकडे हा शोध लागता तर त्यास नरसिंहाचें नांव मिळालें असतें. कारण घरांत दबा धरलेल्या शत्रूस मारण्याकरितांच तोहि अवतरला होता.

श्रोतेहो, कलम बांधलें म्हणजे आंबे आले असें नव्हे. हे नवे पहारेकरी कांचेच्या नळींत कर्कपेशी मारीत. पण शरीरांत सोडले कीं थोड्याच दिवसांत थकून नाहींसे होत. रोग्यांवरील पहिले प्रयोग फसले. कारण शोधतां असें आढळलें कीं, टी-पेशीस शत्रु दिसणें पुरेसें नाहीं; 'लढ, टिकून राहा' असा दुसरा हुकूमहि तिला मिळावा लागतो. तो हुकूम देणारा भाग त्याच कलमांत जोडण्याचें काम न्यूयॉर्कमध्यें मिशेल सादलें यांनीं २००२ सालीं एका तऱ्हेनें, आणि मेम्फिस येथें दारिओ काम्पाना यांच्या गटानें २००४ सालीं दुसऱ्या तऱ्हेनें साधलें. सादलें यांच्याच प्रयोगशाळेनें एक चांगलें लक्ष्यहि पुढें आणलें. रक्तांतील 'बी' जातीच्या पेशी व त्यांच्यापासून होणारे कर्करोग यांच्या पृष्ठभागावर 'सी.डी. १९' नांवाची खूण असते. ती खूण नेमून दिली म्हणजे कर्कपेशींबरोबर निरोगी बी-पेशीहि मरतील हें खरें. परंतु बी-पेशींवांचून मनुष्य जगूं शकतो. त्यांनीं करावयाचे प्रतिपिंड बाहेरून देतां येतात. ज्याचें नुकसान सोसण्यासारखें आहे असेंच लक्ष्य निवडणें, हा या सर्व युद्धांतील मोठा शहाणपणा होता.

यापुढील प्रकरण फिलाडेल्फियाचें आहे. तेथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत कार्ल जून हे वैद्य काम करीत होते. ते पूर्वीं अमेरिकन आरमारांत होते. त्यांची पत्नी २००१ सालीं कर्करोगानें वारली. त्यामुळें हें काम त्यांच्या दृष्टीनें केवळ विद्येचें राहिलें नव्हतें. नव्या ग्राहकाची जनुकीय आज्ञा टी-पेशीच्या गाभ्यांत पोंचवावयाची कशी? टी-पेशींत शिरण्यांत सर्वांत पटाईत कोण, तर एड्सचा विषाणु. जून यांनीं त्या रोगावर पूर्वीं काम केलेलें होतें. त्या विषाणूचा विषारी भाग काढून टाकून, नुसता शिरकाव करण्याचा गुण शिल्लक ठेवून, त्याच्याच पाठीवरून ही आज्ञा आंत धाडण्यांत आली. ज्याच्या नांवानें जग कांपत होतें त्यास अशा रीतीनें टपालवाल्याचें काम मिळालें.

२०१० च्या उन्हाळ्यांत रक्ताच्या जुनाट कर्करोगाच्या पहिल्या रोग्यास असे पहारेकरी देण्यांत आले. कांहीं दिवसांनीं त्यास इतका ताप चढला कीं आतां तो वांचत नाहीं असें वाटलें. परंतु महिन्याभरानें मज्जा तपासली तेव्हां तींत कर्करोग सांपडेना. तपासणींत चूक झाली असेल म्हणून ती पुनः केली, तरी उत्तर तेंच! एकंदर तीन रोग्यांस उपचार झाले. दोघांचा रोग पूर्णपणें गेला, तिसऱ्याचा कमी झाला. एकेका पहारेकऱ्यानें व त्याच्या संततीनें मिळून सरासरीनें हजारावर कर्कपेशी मारल्या, असा हिशेब निघाला. आणि येथेंच पैसा संपला! ज्या कल्पनेस वीस वर्षें यश आलें नव्हतें तिच्यावर द्रव्य खर्चावयास कोणी फारसा तयार नव्हता. तेव्हां २०११ च्या ऑगस्टमध्यें या तिघांचीच हकीकत प्रसिद्ध करण्यांत आली, आणि मग जगाचें लक्ष तिकडे वळलें. त्यांपैकीं दोघांच्या रक्तांत दहा वर्षांनंतरहि ते पहारेकरी जागे आढळले, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालें.

२०१२ च्या एप्रिलमध्यें त्याच शहरांतील मुलांच्या इस्पितळांत सहा वर्षांच्या एका मुलीस हा उपचार देण्यांत आला. तिचा रक्ताचा कर्करोग दोनदां उलटला होता. पहारेकरी अंगांत जातांच तापाचा वणवा पेटला; श्वास यंत्रावर चालूं लागला; आईबापांस शेवटची तयारी ठेवावयास सांगण्यांत आलें. रक्त तपासतां 'इंटरल्यूकिन-६' नांवाचा पदार्थ भलताच वाढलेला दिसला. लढाईच्या भरांत पहारेकऱ्यांनीं जो शंखनाद केला होता, त्यानेंच घर कोसळत होतें. या पदार्थाचा शोध जपानच्या तादामित्सु किशिमोतो यांच्या गटानें १९८६ सालीं लावला होता, आणि त्यास रोखणारें एक औषध सांधेदुखीवर वापरांत होतें. जून यांच्या स्वतःच्या मुलीस बाल-संधिवात होता, म्हणून तें औषध त्यांच्या ध्यानांत आलें. तें देतांच कांहीं तासांत वादळ शमलें. आपल्या सातव्या वाढदिवशीं ती मुलगी शुद्धीवर आली. तिचा कर्करोग गेला होता, आणि दहा वर्षें लोटल्यावरहि तो परतला नव्हता. मला या हकीकतींत इतिहासाचा सगळा स्वभाव दिसतो. एका देशांत सांध्यांकरितां केलेला शोध दुसऱ्या देशांत रक्ताच्या रोगांत उपयोगीं पडतो, आणि मधला दुवा असतो एका बापाची काळजी.

ता. ३० ऑगस्ट २०१७ रोजीं अमेरिकन सरकारच्या औषध-खात्यानें या उपचारास मान्यता दिली. त्याची किंमत ठरली ४,७५,००० डॉलर. म्हणजे विद्येनें एक दार उघडलें आणि किंमतीनें तें पुनः लोटून घेतलें. आपल्या देशांतील किती कुटुंबें एवढी रक्कम उभी करूं शकतील?

येथें या इतिहासाचा प्रवाह मुंबईस येतो. मुंबईस असें काम नवें नाहीं. १८९६ सालीं प्लेग आला तेव्हां वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतील तोकड्या जागेंत लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. कर्करोग हा नुसता कापावयाचा रोग नसून अभ्यासावयाचा रोग आहे, ही दृष्टि आपल्याकडे रुजविणाऱ्यांत त्यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. त्यांच्या पुढाकारानें १९५२ सालीं परळ येथें कर्करोग-संशोधनाचें केंद्र निघालें. त्याच परंपरेंतील संस्था आज नव्या मुंबईंत खारघर येथें नांदत आहे.

अमेरिकेंत काम करून डॉ. राहुल पुरवार २०१३ सालीं पवईच्या संस्थेंत जीवशास्त्र व जैव-अभियांत्रिकी या विभागांत आले. हा उपचार येथेंच, येथील माणसांस झेपेल अशा खर्चांत घडवावयाचा, असा त्यांनीं निश्चय केला. पवईस प्रयोगशाळा होती, पण रोगी नव्हते. टाटा स्मारकांत रोगी होते, पण ही विद्या नव्हती. दोन्ही संस्थांनीं हात मिळविले. परदेशी बनावटींत उंदरापासून घेतलेला प्रतिपिंडाचा जो भाग असे, तो यांनीं मानवी घडणीच्या जवळ आणला. ४ जून २०२१ रोजीं खारघर येथें पहिल्या रोग्यास हे पहारेकरी देण्यांत आले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्यें भारत सरकारच्या औषध-नियंत्रण खात्यानें पंधरा वर्षें व त्यापुढील वयाच्या, रोग उलटलेल्या किंवा इतर औषधांस न जुमानणाऱ्या रोग्यांकरितां मान्यता दिली. २०२५ सालीं 'लॅन्सेट'च्या रक्तविकारविषयक मासिकांत या चांचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : ज्यांचा परिणाम मोजतां आला त्यांपैकीं सुमारें ७३ टक्के रोग्यांस गुण आला होता.

हा उपचार करतात कसा, तें थोडक्यांत सांगतों. प्रथम रोग्याचें रक्त यंत्रांतून फिरवून त्यांतील पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात व उरलेलें रक्त त्यास परत देतात. प्रयोगशाळेंत टी-पेशींत नवी आज्ञा शिरविली जाते, व पुढें त्यांची संख्या वाढवितात. त्या परत देण्यापूर्वीं रोग्यास कांहीं दिवस रासायनिक औषधें देऊन जुन्या पांढऱ्या पेशींची गर्दी कमी करतात, नव्या पाहुण्यांस जागा व्हावी म्हणून. नंतर सलाइनप्रमाणें एक लहानशी पिशवी शिरेंतून दिली जाते. एवढ्या थोर इतिहासाचा शेवट किती साधा असतो, पाहा! खरी कसोटी त्यानंतरच्या दिवसांत लागते, आणि त्या वेळीं अनुभवी वैद्य व परिचारिका उशाशीं लागतात.

एका गोष्टीविषयीं मात्र गैरसमज नसावा. हें औषध सर्व कर्करोगांवरचें नव्हे. फुप्फुस, स्तन, जठर यांसारख्या अवयवांतील गांठींपुढें हे पहारेकरी अजून फारसे यशस्वी झालेले नाहींत; तेथें नेमून द्यावी अशी एकच खूण सांपडत नाहीं, आणि गांठीच्या आंत शिरणेंहि कठीण जातें. ज्यांस गुण येतो त्यांच्यांपैकींहि कित्येकांचा रोग खूण टाकून पुनः डोकें वर काढतो. क्वचित् या टी-पेशींपासूनच नवा कर्करोग उद्भवल्याचें आढळल्यावरून अमेरिकेच्या खात्यानें २०२४ च्या जानेवारींत तसा ठळक इशारा छापण्याची आज्ञा केली. दुसऱ्या बाजूस, शरीर स्वतःवरच उलटतें अशा 'ल्यूपस' नांवाच्या रोगावर जर्मनींतील एर्लांगेन येथें गेओर्ग शेट यांच्या गटानें हाच उपचार योजला, आणि २०२२ सालीं पांच रोग्यांची आशाजनक हकीकत प्रसिद्ध केली. म्हणजे इतिहास अजून चालूच आहे.

आतां मीं हा विषय कां निवडला तें सांगून पुरें करतों. माझ्या नोकरीच्या आरंभींच्या वर्षांत सहावीच्या वर्गांत एक मुलगा होता. हुशार म्हणावा असा नव्हता. पण नकाशे फार सुरेख काढी. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो फिकट दिसूं लागला. रक्ताचा कर्करोग निघाला. औषधांनीं तो एकदां बरा होऊन शाळेंत आलाहि, डोक्यावर टोपी घालून. मग रोग उलटला. आम्हीं शिक्षकांनीं वर्गणी काढली व ती घेऊन मी त्याच्या वडिलांकडे गेलों. ते म्हणाले, "गुरुजी, आतां पैशाचा उपयोग नाहीं. डॉक्टरांकडे द्यावयास कांहीं उरलें नाहीं." पुढच्या महिन्याच्या हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें मीं तांबडी रेघ ओढली. शिक्षकाच्या हातून ओढली जाणारी त्याहून जड रेघ दुसरी नाहीं.

आज त्याच्यासारख्या रोग्यास द्यावयास कांहीं तरी उरलें आहे, हें ऐकून मला किती समाधान झालें तें शब्दांत सांगतां येत नाहीं. पण लगेच दुसरा विचार मनांत येतो. मुंबईच्या या उपचाराचा खर्च परदेशच्या मानानें सुमारें एक-दशांश, तरी लोकार्पणाच्या वेळीं तो तीस-चाळीस लाखांच्या घरांत होता. त्या मुलाचे वडील गिरणींत कामाला होते. त्या दिवशीं त्यांनीं, पैशाचा उपयोग नाहीं, असें म्हटलें. आज त्यांच्या जागीं असलेला बाप म्हणेल, उपयोग आहे, पण पैसा नाहीं. या दोन वाक्यांत चाळीस वर्षांची प्रगति आहे, आणि उरलेलें कामहि आहे.

कोलीच्या दप्तरापासून पवईच्या प्रयोगशाळेपर्यंतचें अंतर तोडावयास १३३ वर्षें लागलीं. प्रयोगशाळेपासून गिरणी-कामगाराच्या खाटेपर्यंतचें अंतर त्या मानानें थोडें आहे. पण तें नुसत्या शास्त्रज्ञांनीं तोडावयाचें नाहीं. त्यांत सरकार आलें, दानशूर आले, विम्याच्या योजना आल्या, आणि रक्तदानास किंवा वर्गणीस नाहीं न म्हणणारे तुम्ही-आम्हीहि आलों. हजेरीपटावरील तांबड्या रेघा कमी करणें हें ज्या इतिहासाचें फळ, तो मुलांना शिकविण्याच्या योग्यतेचा आहे असें मला वाटतें. पुस्तकांत तो येईल तेव्हां येवो. तोंवर आपण घरांतल्या मुलांना तो तोंडीं सांगावा.